कारण : ताप

परवा माझ्या भाच्याने मोबाइलवर एक फोटो पाठवला. २०२३ पासून आमच्या भागात जुन्या नोंदी शोधायची लाटच आली आहे. जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांच्या नावापुढे काय लिहिलंय, ते शोधायला लोक तहसील कचेरीतली दप्तरं उलगडत बसतात. भाचाही त्यासाठीच गेला होता. आजोबांची नोंद काही सापडली नाही. पण गाव नमुना नंबर चौदा, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो, त्यातलं १९५७ सालचं एक पान त्याच्या हाती लागलं. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, "आत्या, हा आपला काका ना?"

होय, तोच. माझा धाकटा भाऊ. मी सात वर्षांची होते आणि तो तीन. त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. त्या काळी आमच्या गावात फोटो काढायचा म्हणजे लग्नच लागायचं. त्यामुळे सरकारी कागदावरची ती एक ओळ, एवढाच त्याचा या जगातला लेखी पुरावा. नाव, बापाचं नाव, जात, वय ३. आणि शेवटच्या रकान्यात, मृत्यूचे कारण : ताप.

मी चष्मा पुसून ते पुन्हा पुन्हा वाचलं. कारण तो नुसत्या तापाने गेलेला नाही, हे मला पक्कं माहीत आहे. आई सांगायची, गळा दोन्ही बाजूंनी सुजला होता, घशात पांढरा पापुद्रा धरला होता, पाणीसुद्धा नाकातून परत यायचं. चौथ्या दिवशी श्वास कोंडला आणि संपलं. पुढे मी शिक्षिका झाले, शाळेत लसीकरणाची पत्रकं येऊ लागली, तेव्हा त्यातलं घटसर्पाचं वर्णन वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. हुबेहूब तेच. आई मात्र ८६ व्या वर्षी जाईपर्यंत एकच म्हणत राहिली, "आदल्या दिवशी मी त्याला ताक पाजलं गं."

त्या एका पानावर अकरा मृत्यू आहेत. त्यातली सहा दहा वर्षांच्या आतली मुलं. सहाही जणांपुढे एकच शब्द, ताप. सगळी घटसर्पाचीच होती असं मी म्हणणार नाही. कुणाला हिवताप असेल, कुणाला विषमज्वर, कुणाला गोवर. पण आता ते कुणालाच कळणार नाही. कोतवालाने तोंडी सांगितलं, पाटलांनी लिहिलं. दोघांनीही काही खोटं केलं नाही. ताप तर सगळ्यांनाच होता!

जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे असा कागद समोर आला की डोकं त्याच्या मागे धावतं. मृत्यूचं कारण लिहायची ही पद्धत आली कुठून, आणि कुठल्या रोगाला काय म्हणायचं हे ठरवलं कुणी? गेले दोन महिने तेच वाचते आहे. जे कळलं ते तुमच्यापुढे मांडते.

या गोष्टीचा नायक आहे विल्यम फार. १८०७ साली इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात एका गरीब घरात जन्मलेला मुलगा. गावातल्या एका जमीनदाराने त्याला वाढवलं, शिकवलं. पॅरिसला जाऊन त्याने वैद्यक शिकून घेतलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सरकारी नोंद सुरू झाली होती आणि त्यासाठी लंडनला महानिबंधकाचं कार्यालय उघडलं होतं. १८३९ साली फार तिथे गोषवारे तयार करायच्या कामावर लागला. गोषवारे म्हणजे काय ते शिक्षक मंडळींना सांगायला नको. महिनाअखेरची बेरीज जुळेना म्हणून रात्री जागवणारा तो प्रकार!

देशभरातले दोन हजारांच्या आसपास निबंधक आपापल्या नोंदींच्या नकला त्या कार्यालयाकडे पाठवत. फारच्या पहिल्याच दिवसांत लक्षात आलं की कागद आहेत, आकडे आहेत, पण बेरीज करता येत नाही. एकाच रोगाला तीन-चार नावं, आणि एकाच नावाखाली तीन-चार रोग. कुणी मूळ रोग लिहितो, कुणी शेवटी उद्भवलेली गुंतागुंत लिहितो. पहिल्याच वार्षिक अहवालात त्याने मांडलं की पदार्थविज्ञानात जे स्थान वजनमापांचं, तेच इथे रोगांच्या नावांचं आहे. ती आधी एक झाली पाहिजेत.

वजनमापांचं हे उदाहरण माझ्या पिढीला चटकन पटेल. आमच्याकडे पायली प्रत्येक बाजारात वेगळी होती. १९५६ च्या कायद्याने किलो आणि लिटर आले, तरी आमची आजी शेवटपर्यंत "पण कुठल्या बाजारची पायली?" असं विचारायची. वीस पायल्या जोंधळे झाले, या वाक्याला माप ठरल्याशिवाय अर्थ नाही. तसंच, तापाने सहा गेले, या वाक्यालाही नाही.

फारने रोगांची एक यादी तयार केली. प्रत्येक नावासमोर, लोक त्याला आणखी काय काय म्हणतात ते दिलं. ही यादी डॉक्टरांकडे आणि निबंधकांकडे गेली. १८४५ साली महानिबंधक जॉर्ज ग्रॅहॅम यांनी देशातल्या डॉक्टरांना कोऱ्या छापील दाखल्यांची पुस्तकंच पाठवली. भरून द्या, एवढंच काम. डॉक्टरांवर त्याची कायद्याने सक्ती व्हायला मात्र १८७४ साल उजाडलं. म्हणजे जवळपास तीस वर्षं हे सगळं समजावून, विनवून आणि सवय लावून चाललं होतं.

यादी करणं हे कारकुनी काम आहे असं वाटेल, पण पहिल्याच यादीवरून भांडण झालं. १८३७ च्या उत्तरार्धातल्या नोंदींत फारने ६३ मृत्यू उपासमारीखाली दाखवले. गरिबांसाठीच्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या आयोगाचे चिटणीस एडविन चॅडविक संतापले. सरकार गरिबांची सोय करत असताना इंग्लंडमध्ये माणसं उपाशी मरतात म्हणजे काय? एकेका नोंदीवर त्यांनी हरकत घेतली. फारचं म्हणणं होतं की भूक एकटी, सरळ क्वचितच मारते. ती बहुतेक वेळा रोगाला वाट करून देते, आणि नोंद होते ती रोगाची. त्यामुळे भुकेचे बळी कागदावर दिसतात त्याहून खूप जास्त असतात.

हे वाचताना मला मेळघाट आठवला. १९९० च्या दशकात तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्या यायच्या, तेव्हाही वाद हाच होता. कुपोषणाने गेलं की न्यूमोनियाने? दोन्ही बाजूंना शब्दाची किंमत ठाऊक होती. रकान्यात कुठला शब्द बसणार यावर जबाबदारी कुणाची हे ठरतं. दीडशे वर्षांत माणूस फार बदललेला नाही.

नावं एक झाल्यावर काय होऊ शकतं, ते १८५४ च्या पटकीच्या साथीत दिसलं. डॉ. जॉन स्नो यांचा संशय पाण्यावर होता. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या घरोघर पाणी पुरवत. लॅम्बेथ कंपनीने १८५२ पासून शहराच्या वरच्या अंगाचं, स्वच्छ पाणी उचलायला सुरुवात केली होती. दुसरी, साउथवर्क आणि व्हॉक्सहॉल, शहराची घाण मिसळलेलंच पाणी देत होती. स्नोने मृतांची यादी आणि पत्ते फारच्या कार्यालयाकडून घेतले आणि घरोघर फिरून नळ कुणाचा ते विचारलं. पुढे फारनेच तिथल्या निबंधकांना सांगितलं की पटकीच्या प्रत्येक मृत्यूबरोबर घरात पाणी कुणाचं येतं तेही लिहा. एक रकाना वाढला. पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा झाला : घाण पाण्याच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, स्वच्छ पाण्याच्या २६,१०७ घरांत ९८. दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७. गल्ल्या त्याच, हवा तीच, फरक फक्त पाण्याचा.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे, फारचा स्वतःचा या मतावर तेव्हा विश्वास नव्हता. तो दूषित हवेच्या बाजूचा. तरी ज्याचं मत पटत नाही त्यालाही त्याने आपल्या नोंदी मोकळेपणाने दिल्या. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पुन्हा साथ आली, तेव्हा त्याच नोंदींच्या जोरावर फारने स्वतःच तिथल्या पाणी कंपनीकडे बोट दाखवलं. स्नो १८५८ मध्येच गेले होते. त्यांना हे पाहायला मिळालं नाही.

देशातल्या देशात एवढा खटाटोप, मग देशादेशांत किती? १८५३ साली ब्रुसेल्सला संख्याशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सर्व देशांना चालेल अशी मृत्यूच्या कारणांची एकच यादी करावी, असा ठराव आशिल गियार या फ्रेंच गृहस्थांनी मांडला. काम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पीन या दोघांवर सोपवलं. १८५५ मध्ये दोघे पॅरिसला आले ते दोन वेगळ्या याद्या घेऊनच! फारने साथीचे रोग वेगळे काढून बरेचसे बाकीचे शरीराच्या अवयवांप्रमाणे लावले होते. देस्पीन यांनी रोगाच्या स्वभावाप्रमाणे लावले होते. परिषदेने दोघांची मनं राखत १३९ कारणांची मिश्र यादी मंजूर केली. भाऊबंदकीत पंचांनी भिंत मधोमध घालावी तशी. ती सर्वांनी वापरली नाही हे सांगायला नकोच. पुढे दुरुस्त्या फारच्या पद्धतीवरच होत गेल्या.

१८९३ साली शिकागोला जी यादी मान्य झाली, ती पॅरिस शहराच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाक बेर्तियाँ यांनी केलेली होती. हे बेर्तियाँ म्हणजे त्या गियारांचे सख्खे नातू, मुलीचा मुलगा. आजोबांनी मांडलेला ठराव नातवाने चाळीस वर्षांनी तडीस नेला. त्यांची एक युक्ती मला शिक्षिका म्हणून फार भावली. त्यांनी एकाच यादीचे तीन आकार केले : ४४ कारणांची लहान, ९९ ची मधली आणि १६१ ची मोठी. ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्याने करावं, पण लहान यादी मोठीत बिनचूक बसावी. पहिलीच्या मुलाला बेरीज आणि सातवीच्या मुलाला व्याज, पण अंक तेच! १९०० मध्ये पॅरिसला २६ देशांचे प्रतिनिधी जमले आणि यादी दर दहा वर्षांनी तपासायची असं ठरलं.

झेपेल तेवढंच मागावं, हा धडा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याही वाट्याला आला होता. क्रिमियाच्या युद्धात लष्करी इस्पितळांतल्या नोंदींचा गोंधळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. १८६० च्या लंडनच्या परिषदेत त्यांनी सर्व इस्पितळांसाठी एकसारखे छापील तक्ते सुचवले. त्यात फार त्यांचे सल्लागार होते. लंडनच्या काही इस्पितळांनी ते वापरून पाहिले आणि थोड्याच वर्षांत सोडून दिले. वेळ फार जातो, खर्च फार होतो. तक्ते उत्तम होते, पण भरणाऱ्याच्या हातात तेवढा दिवस नव्हता. शाळेतून येणारी-जाणारी पत्रकं भरून बोटं झिजलेली आम्ही मंडळी हे दुःख जाणतो.

याच नाइटिंगेलबाईंचा आपल्या देशाशी संबंध आला तोही आकड्यांतूनच. हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करायला १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला. फार त्याचे सदस्य होते. बाईंनी छावण्या-छावण्यांना प्रश्नावली पाठवली आणि गोऱ्या सैनिकांत दर वर्षी हजारी ६९ मृत्यू होतात हे १८६३ च्या अहवालातून पुढे आलं. गोळीने नव्हे, बहुतेक रोगाने. त्यानंतर १८६४ मध्ये इलाख्यांत आरोग्य आयोग आले, आणि हळूहळू गावातल्या मृत्यूंची कारणंही लिहिली जाऊ लागली.

पण गावात डॉक्टर कुठला? मग कप्पे मोजकेच ठेवले : पटकी, देवी, ताप, हगवण, इजा आणि बाकी. पुढे प्लेग आला, श्वसनाचे विकार आले. पटकी आणि देवी गावच्या माणसालाही ओळखता येत. उरलेलं सगळं तापात. त्यामुळे वर्षानुवर्षं हिंदुस्थानात सर्वांत जास्त माणसं मारणारा रोग म्हणजे ताप! फारने १८३९ मध्ये ज्या शब्दांविरुद्ध तक्रार केली होती, तसलाच शब्द आमच्या पाटलांनी १९५७ मध्ये लिहिला. त्यांना दुसरा कप्पाच दिलेला नव्हता.

खरं तर तोपर्यंत जगात बरंच घडून गेलं होतं. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी यादीची सहावी आवृत्ती तिच्याकडे आली. तेव्हा मृत्यूच्या दाखल्याचा एक नमुनाही ठरला. त्यात कारणांची साखळी विचारतात. शेवटी काय झालं, ते कशामुळे, आणि ते तरी कशामुळे? सर्वांत तळाला मूळ कारण यायला हवं, कारण अडवायचं असतं ते मूळ कारण. आपल्याकडे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा झाला, खेड्यात ग्रामसेवक निबंधक झाले, आणि दवाखान्यातल्या मृत्यूसाठी नमुना ४ व घरच्या मृत्यूसाठी ४-अ आला. "हृदयक्रिया बंद पडली" एवढंच लिहू नका असं डॉक्टरांना बजावलेलं असतं. हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते.

तरीही तेच लिहिलं जातं. २०२१ च्या मे महिन्यात माझे धाकटे दीर गेले. दवाखान्याच्या कागदावर हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने, एवढंच. करोनाला त्या वर्गीकरणात यू ०७.१ हा क्रमांक २०२० मध्येच मिळाला होता, पण कागदावर तो शब्दच नव्हता. पुढे सरकारने ५० हजार रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हा जाऊबाईंना तपासणीचा जुना अहवाल शोधत समितीपुढे उभं राहावं लागलं. अहवाल सापडला म्हणून निभावलं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर आता कारणाच्या दाखल्याची प्रत नातेवाइकांनाही द्यायची आहे, हे चांगलं झालं. पण मुळात २०२० मध्ये देशातल्या नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण लिहिलेले पाचात एकाहून थोडेच अधिक होते. बाकीचे अजून आमच्या कोतवाल बुकातच आहेत म्हणायचे.

यावरही उपाय निघाला आहे. जिथे डॉक्टर नाही तिथे शिकवून तयार केलेला माणूस घरी जाऊन घरच्यांना ठरावीक प्रश्न विचारतो. ताप किती दिवस होता? गळा सुजला होता का? पुरळ होतं का? उत्तरं डॉक्टर वाचतात आणि कारण ठरवतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या मृत्यूंचा असाच शोध घेतला. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला, तेव्हा सरकारी कागदावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त बालमृत्यू होतात हे महाराष्ट्राला कळलं.

मी १९८१ च्या जनगणनेत प्रगणक होते. प्रशिक्षणात पहिला अर्धा दिवस कुटुंब म्हणजे काय यातच गेला होता. एका चुलीवर जेवतात ते कुटुंब. आम्ही तरुण शिक्षक हसत होतो, हे काय शिकवायचं! पण पहिल्याच वाड्यात चार भाऊ, तीन चुली आणि एक म्हातारी दोन्हीकडे जेवणारी, असं निघालं आणि हसू पळालं. चूल ठरवून दिली होती म्हणूनच माझी मोजणी आणि नागपूरच्या कुणा बाईंची मोजणी एकत्र मिळवता आली. मला वाटतं, फारने केलं ते एवढंच. चूल ठरवून दिली.

आज त्या वर्गीकरणात घटसर्पाला ए ३६ म्हणतात. नुसत्या तापाला आर ५०. आर म्हणजे लक्षणांचा कप्पा, ज्यांचं मूळ लागलं नाही अशांचा. २०२२ पासून अकरावी आवृत्तीही लागू झाली आहे, क्रमांक बदलतील. माझा भाऊ मात्र आर ५० मध्येच राहणार.

१९५७ मध्ये कुणी येऊन आईला ते चार प्रश्न विचारले असते, तर तिने सगळं नीट सांगितलं असतं. तिला सगळं आठवत होतं. तिला कुणी विचारलंच नाही, म्हणून तिने आपल्यापुरतं एक कारण ठरवून घेतलं, ताकाचं.

फोटो आला त्या संध्याकाळी मी थोरल्या भावाला फोन केला. तो आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं. घटसर्प म्हणजे काय, तो एकाचा दुसऱ्याला कसा होतो, ताकाचा त्याच्याशी काही संबंध नसतो, हे सगळं मी मोठ्याने, वर्गात सांगावं तसं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते ताक मीच आणलं होतं शेजारून. आईला कधी बोललो नाही."

अडुसष्ट वर्षं!

"ताकाने नाही गेला ना मग?" त्याने पुन्हा विचारलं.

"नाही दादा," मी म्हटलं, "ताकाने नाही गेला."